गाळाचा हिशेब: एसटीपीच्या जैविक प्रक्रियेचं मूल्यमापन करायला जाण्याआधीची तयारी

एसटीपी म्हणजे मैलापाणी शुद्ध करणारं केंद्र. तिथे हवा दिलेल्या टाकीत (एरेशन टँक) जंतू घाण खाऊन वाढतात, त्यांचा गाळ पुढच्या टाकीत (क्लॅरिफायर) खाली बसतो, काही परत टाकीत जातो आणि वाढलेला बाहेर काढायचा असतो. सगळ्यात आधी वार ठरवा. आपल्याकडे बीओडीची (घाण खाताना जंतू पाण्यातला किती प्राणवायू वापरतात त्याची) चाचणी २७ अंश तापमानाला ३ दिवस ठेवून करतात. गुरुवारी इन्क्युबेटरमध्ये ठेवलेल्या बाटल्या रविवारी त्याच वेळेला बाहेर काढून वाचाव्या लागतात. रविवारी लॅबची किल्ली कोणाकडे असते हे आधी विचारलं नाही, तर बाटल्या सोमवारी वाचल्या जातात, रजिस्टरमध्ये मात्र ३ दिवसच लिहिलं जातं आणि चार जणांची मेहनत वाया जाते. म्हणून मी नमुने घ्यायला सोमवारी सकाळी सुरुवात करते. मंगळवारी सकाळी २४ तासांचा मिश्र नमुना लॅबला पोहोचतो आणि शुक्रवारी वाचन होतं. ऋतूही लक्षात घ्या. पावसाळ्यात ड्रेनेज लाइनमध्ये पावसाचं पाणी शिरतं, मैलापाणी पातळ होतं, आउटलेटचा (बाहेर पडणाऱ्या पाण्याचा) बीओडी छान कमी दिसतो आणि त्याच वेळी वाढलेल्या प्रवाहाबरोबर टाकीतला गाळ वाहून जात असतो. शक्य असेल तर एक फेरी एप्रिलमध्ये आणि एक जुलैमध्ये करा. एकच करता येणार असेल तर अहवालाच्या पहिल्या पानावर महिना ठळक लिहा.

मग कागद. केंद्राचं चालू संमतीपत्र मागवून घ्या. महाराष्ट्रात ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं असतं आणि त्यात लिहिलेली मर्यादा हीच तुमची फूटपट्टी. 'बीओडी ३० चालतो' असं तोंडपाठ उत्तर घेऊन जाऊ नका. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांसाठी लिटरला २० मिलिग्रॅम आणि इतर ठिकाणी ३० अशी मर्यादा आली. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात ती १० पर्यंत खाली आणली आणि नत्र-स्फुरदालाही मर्यादा घातल्या. जुनं केंद्र ३० साठी बांधलेलं आणि संमतीपत्र १० चं, अशी परिस्थिती असेल तर ते अहवालात स्पष्ट लिहायला हवं. नाहीतर डिझाइनच्या मर्यादेचं खापर ऑपरेटरच्या माथी फुटतं.

डिझाइनचा कागदही हवा, पण टाक्यांची मापं त्यावरून उतरवून घेऊ नका. टेप घेऊन लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली स्वतः मोजा. चारपैकी एक एरेशन टँक दोन वर्षं रिकामी पडून आहे, हे ड्रॉइंगवर कधीच दिसत नाही.

लॉगबुक वर्षभराचं मागा आणि ते मूळ वहीच्या रूपात मागा. महिन्याच्या अहवालाची टाइप केलेली प्रत पुरत नाही. आउटलेटचा बीओडी वर्षभर ८, ९, ८, ८ असाच असेल तर थांबून विचार करा. जिवंत जंतूंच्या भरवशावर चालणारी प्रक्रिया इतकी सरळ रेषेत चालत नाही. टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा बेल्ट तुटला त्या आठवड्यात, जुलैच्या मुसळधार पावसात आणि दिवाळीतही ८ च असेल, तर त्या दिवशी बाटली भरली होती का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

महावितरणची बारा महिन्यांची बिलं ही माझ्या मते सगळ्यात कमी वाचली जाणारी कागदपत्रं आहेत. एचटी (उच्च दाबाच्या जोडणीच्या) बिलात दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांचे युनिट वेगळे छापलेले असतात. एरेशन चोवीस तास चालतं असं लॉगबुक म्हणत असेल आणि रात्रीचे ताशी युनिट दिवसाच्या निम्म्याहून कमी असतील, तर या दोन कागदांपैकी एकच खरा आहे. पंप रात्री कमी चालतात हे त्यातून वजा करा, पण ब्लोअरचा भार मोठा असतो, तो लपत नाही.

आता मुख्य तयारी, आणि ही ऑफिसात टेबलावर बसून करायची आहे. गाळाचा हिशेब. आउटलेटची बाटली एका क्षणाची गोष्ट सांगते, गाळाचा हिशेब महिन्याची सांगतो. आकडे घेऊनच पाहू. समजा केंद्र २० एमएलडीचं (रोज २ कोटी लिटरचं) आहे, प्राथमिक सेटलिंग (एरेशनआधी गाळ बसवणं) नाही, डायजेस्टर (गाळ कुजवायची टाकी) नाही. इनलेटचा (आत येणाऱ्या पाण्याचा) बीओडी लिटरला २०० मिलिग्रॅम म्हणजे रोज ४००० किलो बीओडी आत येतो. आउटलेट १० असेल तर ३८०० किलो जंतूंनी खाल्ला. एक किलो बीओडी खाऊन साधारण अर्धा किलो नवा जैविक गाळ तयार होतो, म्हणजे १९०० किलो. गाळातला सेंद्रिय भाग साधारण दोन तृतीयांश धरला तर एकूण कोरडा गाळ रोज सुमारे २८०० किलो. यातला आउटलेटबरोबर जाणारा, टीएसएस (पाण्यातले तरंगते घन कण) लिटरला १५ मिलिग्रॅम असेल तर, ३०० किलो. उरलेला २५०० किलो रोज बाहेर काढलाच पाहिजे. पाणी दाबून काढलेल्या, २० टक्के घन भाग असलेल्या केकच्या रूपात तो साडेबारा टन भरतो. आता गाळ वाहून नेणाऱ्या ट्रॅक्टरचं रजिस्टर उघडा. तिथे रोजचे ४ टन दिसत असतील, तर ८०० किलोच बाहेर गेला. १७०० किलोचं काय झालं?

जागा दोनच आहेत. एक म्हणजे तो टाकीत साचतोय. टाकी ६००० घनमीटरची असेल तर एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यात लिटरमागे किती मिलिग्रॅम गाळ आहे ते) रोज २८० नी वाढेल, आधी ३००० असेल तर दहा-अकरा दिवसांत दुप्पट होईल, आणि ते लॉगबुकात दिसेल. दुसरी जागा म्हणजे नदी. मग आउटलेटचा सरासरी टीएसएस १५ नसून १०० आहे, फक्त आपण नमुना घेतो त्या वेळी तो तसा नसतो. हे गणित घरून निघायच्या आधी झालेलं असावं, कारण केंद्रावर पोहोचल्यावर कुठे आणि किती वाजता पाहायचं हे त्यावरून ठरतं.

याच कागदावर आणखी दोन आकडे मांडून ठेवा. टाकीत एमएलएसएस ३००० असेल तर १८,००० किलो गाळ आहे. रोज २८०० तयार होतो आणि तेवढाच बाहेर जातो, म्हणजे गाळाचं वय (गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहतो ते) साडेसहा दिवस. आणि त्यातला सेंद्रिय भाग १२,००० किलो धरला तर ४००० किलो बीओडीला एफ-एम गुणोत्तर (दर किलो सेंद्रिय गाळामागे रोज किती किलो बीओडी येतो ते) ०.३३ येतं. पारंपरिक अ‍ॅक्टिव्हेटेड स्लजला दोन्ही आकडे शोभतात. पण गाळाचं वय लॉगबुकात १६ दिवस लिहिलेलं असेल आणि एफ-एम ०.३३, तर ते एकाच टाकीचे आकडे असू शकत नाहीत. इनलेटचा आकडाही लोकसंख्येवरून पडताळा. सीपीएचईईओच्या (केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा-मलनिस्सारण अभियांत्रिकी संस्थेच्या) २०१३ च्या मॅन्युअलमध्ये दरडोई रोज २७ ग्रॅम बीओडी धरला आहे. दीड लाख वस्तीचा साधारण ४००० किलो होतो. केंद्रावर निम्माच पोहोचत असेल तर उरलेल्या वस्तीचा मैला कुठल्या तरी नाल्यातून थेट जातोय.

प्रवाहाचा आकडा चुकला तर वरचं सगळं गणित चुकतं, म्हणून फ्लो मीटरवर लगेच विश्वास टाकू नका. वेट वेलची (पंपांआधी मैलापाणी जमतं त्या विहिरीची) आतली मापं घ्या, आवक थोडा वेळ बंद करता आली तर एक पंप चालवून दहा मिनिटांत पातळी किती उतरते ते मोजा. 'पंपाचे तास गुणिले नेमप्लेटवरची क्षमता' या हिशेबात झिजलेला इम्पेलर धरलेला नसतो.

नमुन्यांच्या जागा नकाशावर आधीच लाल पेनाने खुणा करून ठरवा. इनलेटचा नमुना अशा ठिकाणी घ्या जिथे केंद्राच्या आतलं पाणी, म्हणजे गाळ दाबणाऱ्या फिल्टर प्रेसचं किंवा गाळ घट्ट करणाऱ्या थिकनरचं गढूळ पाणी, अजून मिसळलेलं नाही. ते मिसळल्यानंतर घेतला तर इनलेट फुगतं आणि काढलेल्या प्रदूषणाची टक्केवारी उगाचच ९५ वर जाते. आउटलेटचा नमुना क्लोरिनेशनच्या आधीचा घ्या, कारण तुम्ही जंतूंचं काम मोजताय, क्लोरीनचं नाही. शिवाय क्लोरीन बाटलीत उतरला तर बीओडीची चाचणीच बिघडते. फीकल कोलिफॉर्मसाठी (विष्ठेतल्या जिवाणूंच्या चाचणीसाठी) मात्र क्लोरीननंतरचा नमुना लागतो, निर्जंतुक बाटलीत, आत क्लोरीन मारणारं थायोसल्फेट टाकलेलं. एमएलएसएसचा नमुना एरेशन टँकच्या शेवटच्या टोकाला, क्लॅरिफायरकडे पाणी वळतं तिथला. रिटर्न स्लजचा (क्लॅरिफायरमधून टाकीत परत येणाऱ्या गाळाचा) वेगळा. नव्या केंद्रांमध्ये एसबीआर (एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणं, गाळ बसवणं आणि पाणी काढणं) खूप आहेत. तिथे वेगळा क्लॅरिफायर नसतो, म्हणून डिकँटच्या (वरचं पाणी काढण्याच्या) सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असे तीन नमुने घ्या. गाळ वर ओढला जात असेल तर तो शेवटच्या नमुन्यातच सापडतो.

दर तासाला नमुना, आणि मिश्रण करताना त्या तासाच्या प्रवाहाच्या प्रमाणात. म्हणजे इनलेट आणि आउटलेट मिळून २४ तासांत ४८ बाटल्या होतात. लेबलं घरीच लिहून, वर सेलोटेप लावून न्या. ओल्या हाताने काठावर उभं राहून लिहिलेलं लेबल बर्फाच्या पेटीत सुटून येतं आणि 'आउट ०५' की 'आउट ०६' यावर नंतर वाद होतो. पेटीत बर्फ भरपूर हवा, नमुना ४ अंशांच्या आसपास राहिला पाहिजे. सीओडी (रसायनाने मोजलेली प्राणवायूची मागणी) आणि अमोनियाच्या बाटल्यांत सल्फ्युरिक आम्ल घालून सामू (पीएच) २ च्या खाली आणा. बीओडीच्या बाटलीत चुकूनही आम्ल नको. त्यासाठी झाकणांना दोन रंगांच्या चिकटपट्ट्या लावा.

बॅगेत काय असावं याची माझी यादी वर्षागणिक छोटी होत गेली आहे. एक लिटरचे दोन मेजरिंग सिलिंडर, डीओ (पाण्यात विरघळलेला प्राणवायू) मीटर, स्टॉपवॉच, जोरदार टॉर्च, तीन मीटर लांबीची पारदर्शक नळी (क्लॅरिफायरच्या तळाशी गाळाचा थर किती आहे ते पाहायला), ३०० मिलीच्या दोन बीओडी बाटल्या, आणि लॅबमध्ये नसेल तर साधा मायक्रोस्कोप. डीओ मीटर तिथल्या हवेत कॅलिब्रेट करा. ३० अंशांना समुद्रसपाटीवर संपृक्त पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो, पुण्याच्या उंचीवर त्याहून थोडा कमी. मीटर ९ दाखवत असेल तर पुढचं एकही वाचन लिहू नका.

सुरक्षेची तयारी यादीत मध्येच आली असली तरी गेटमधून आत जाताना ती पहिली. वेट वेल, बंद चेंबर, स्क्रीनची खोली, इथे गॅस मीटरशिवाय वाकूनही पाहायचं नाही. हायड्रोजन सल्फाइडचा कुजका वास जास्त प्रमाण झालं की नाकाला कळेनासा होतो, त्यामुळे 'वास येत नाही, म्हणजे ठीक आहे' हे वाक्य जीव घेतं. एरेशन टँकच्या काठाला रेलिंग आणि लाइफ बॉय आहे का ते आधी बघा. बुडबुड्यांनी भरलेलं पाणी माणसाला पेलत नाही, पट्टीचा पोहणाराही त्यात खाली जातो. रात्री एकट्याने काठावर जायचं नाही, जवळच्या दवाखान्याचा नंबर खिशात, आणि टायफॉइड, हिपॅटायटिस, धनुर्वाताच्या लसी वेळेत घेतलेल्या.

आता टाकीच्या काठावर. डीओ एकाच जागी घेऊन 'दोन आहे' असं लिहू नका. सुरुवातीला, मध्ये, शेवटी, आणि दर ठिकाणी वरचा व खालचा. पृष्ठभागावर कुठे मोठे बुडबुडे फसफसत असतील तर खालचा डिफ्यूझर (हवा सोडणारी बारीक छिद्रांची जाळी) फाटलेला आहे. कुठे पाणी निपचित असेल तर तिथे चोंदलेला.

तीस मिनिटांची गाळ बसण्याची चाचणी, आपली एसव्ही-३०, सगळेच करतात, पण बहुतेक जण फक्त शेवटचा आकडा लिहितात. सिलिंडर थोडा तिरका धरून सावकाश भरा, उन्हातून आणि ब्लोअरच्या हादऱ्यातून बाजूला, सपाट जागी ठेवा आणि तिथेच बसा. दर ५ मिनिटांनी वाचन घ्या. चांगला गाळ पहिल्या दोन-तीन मिनिटांत ढगांसारखा गोळा होतो, मग त्याची कडा स्पष्ट होते आणि वरचं पाणी इतकं नितळ होतं की सिलिंडरमागचं बोट दिसतं. गाळ धडकन बसला पण वर बारीक कण तरंगत राहिले, तर गाळ म्हातारा झालाय. अर्ध्या तासानेही ८००-९०० वरच अडकला, तर दुसऱ्या सिलिंडरमध्ये तोच गाळ आउटलेटच्या पाण्यात निम्मा पातळ करून पुन्हा लावा. मग छान बसला तर गाळ जास्त झालाय, वेस्टिंग (गाळ बाहेर काढणं) वाढवा. तरीही बसला नाही तर तंतुजंतूंचा (धाग्यांसारख्या जंतूंचा) त्रास आहे, आणि मायक्रोस्कोपखाली ते केसांच्या गुंत्यासारखे दिसतील. तीस मिनिटं झाल्यावर सिलिंडर ओतू नका. तो दोन तास तसाच राहू द्या. बसलेला गाळ लादीसारखा वर आला आणि ढवळल्यावर परत खाली गेला, तर क्लॅरिफायरमध्येही हेच होतंय: नायट्रेटमधला नायट्रोजन वायू सुटून गाळ उचलतोय आणि रिटर्न पंप कमी चालतोय.

एसव्हीआयसाठी (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा घेतो त्यासाठी) तोच तीस मिनिटांचा आकडा १००० ने गुणून एमएलएसएसने भागा. २५० मिली आणि ३००० एमएलएसएस म्हणजे ८३, उत्तम. १५० च्या वर जायला लागला की काळजी करा. गाळातला सेंद्रिय भागही लॅबकडून घ्याच. नाल्यांचं पाणी अडवून आत आणलेल्या केंद्रांवर माती फार येते. ती काढणारा ग्रिट चेंबर नीट चालत नसेल तर सेंद्रिय भाग निम्म्यावर येतो, आणि ३००० एमएलएसएस म्हणून आपण जे जपतो त्यात अर्धी माती असते.

श्वास मोजायची चाचणी पाच मिनिटांत होते, तरी ती क्वचितच होते. एरेशन टँकचं पाणी बीओडी बाटलीत घ्या, हवा मारून डीओ ६ वर न्या, प्रोब बसवून ढवळत राहा. पाच मिनिटांत ६ वरून ३ वर आला तर ताशी ३६ मिलिग्रॅम. सेंद्रिय गाळ लिटरला २ ग्रॅम असेल तर ग्रॅममागे ताशी १८. साधारण ८ ते २० मध्ये असेल तर जंतू ठीक आहेत. बीओडी भरपूर येतोय आणि हा आकडा ३-४ वर पडलाय, तर रात्री कोणीतरी टँकरने काहीतरी ओतलंय, त्या दिशेने शोध घ्या.

अमोनिया तपासायचा असेल तर अल्कलिनिटीही (पाण्याची आम्ल पचवायची क्षमता) सोबत तपासा. एक मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजनचं नायट्रेट होताना सुमारे ७.१४ मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. ३० मिलिग्रॅमला २१४. पाण्यात तेवढी नसेल तर सामू घसरतो, काम अर्धवट थांबतं आणि सगळे ब्लोअरला दोष देत बसतात. आणि नायट्रिफिकेशन (जंतूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) चांगलं चाललेल्या केंद्रात आउटलेटच्या बीओडी बाटलीतही ते जंतू काम करत राहतात, त्यामुळे आकडा विनाकारण चढतो. अर्ध्या बाटल्यांमध्ये ते थांबवणारं अ‍ॅलिलथायोयुरिया घाला आणि दोन्ही आकडे द्या.

पहाटेची पाळी तुम्ही स्वतः घ्या. मागे एका नगरपालिकेच्या केंद्राचा गाळाचा हिशेब माझ्या कागदावर जुळत नव्हता, रोजचे दीड-दोन टन गायब. आम्ही चार वाजता गेटवर पोहोचलो. ब्लोअरचा आवाज झोपलेल्या गावात लांबवर ऐकू येतो. तिथे बेडकं ऐकू येत होती. टाकीचं पाणी आरशासारखं स्थिर. पाळीवरचा मुलगा विशी-बाविशीतला, त्याने काही लपवलं नाही. म्हणाला, "मॅडम, रात्री बंद ठेवायला सांगितलंय, बिल फार येतं. साडेपाचला चालू करतो." साडेपाचला ब्लोअर सुरू झाले, रात्रभर तळाशी बसलेला गाळ उठला, आणि नेमकी त्याच वेळी गावाची सकाळची आवक आली. सव्वासहाला क्लॅरिफायरच्या कडेवरून, जिथून नितळ पाणी पडायचं, तिथून चहासारखं तपकिरी पाणी पडायला लागलं. मी बाटली भरून टॉर्चसमोर धरली, उजेड पलीकडे आला नाही. हे पाऊण तास चाललं. नऊ वाजता पाणी पुन्हा स्वच्छ. रोजचा नमुना अकरा वाजता घेतला जायचा आणि तो खराच चांगला यायचा. लॅबने एकही आकडा खोटा लिहिलेला नव्हता. खाली तीन किलोमीटरवर दुसऱ्या गावाची पाणीपुरवठ्याची विहीर नदीकाठी होती. त्या पाऊण तासाचं पाणी तिथे दुपारपर्यंत पोहोचत असणार. पुण्याचं पाणी मुळा-मुठा, भीमा करत उजनीत जातं आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं; आपल्याकडे कुठल्याही आउटलेटच्या खाली कोणीतरी पाणी भरत असतंच.

लॅबची तयारी थोडक्यात: प्रत्येक दहा नमुन्यांमागे एक दुहेरी चाचणी, ब्लँकच्या (नमुना न घातलेल्या) बाटलीत डीओची घट ०.२ मिलिग्रॅमच्या आत, नमुन्याच्या बाटलीत घट निदान २ आणि शिल्लक निदान १. हे बसत नसेल तर ती बाटली वगळा. एक नमुना अर्धा करून दुसऱ्या लॅबलाही द्या, वेगळ्या नावाने.

शेवटची वस्तू म्हणजे एसव्ही-३० लिहायला एक कोरी दोनशेपानी वही. पहिल्या पानावर पट्टीने रकाने आखून द्या: तारीख, वेळ, ५ मिनिटं, १०, १५, २०, २५, ३०, दोन तासांनी, वरचं पाणी नितळ की गढूळ. पहिली ओळ ऑपरेटरसोबत बसून, त्याच्याच हाताने, पहाटे सहाची भरून घ्या. शुक्रवारी बाटल्या वाचून झाल्या की पहिला फोन त्याला करा.